कोणत्या वयात कोणती तपासणी, आणि किती वर्षांनी?

"दरवर्षी एकदा सगळं तपासून घ्यावं" हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की तो कशाच्या आधारावर, हे कुणी विचारत नाही. प्रत्यक्षात मोठ्या आतड्याची दुर्बिणीने केलेली तपासणी स्वच्छ निघाली, तर पुढची थेट १० वर्षांनी करायची असते. रक्तदाब चाळिशीनंतर दरवर्षी बघायचा. दोन महिन्यांच्या बाळाला मात्र परत दोन महिन्यांनी न्यायचं. प्रत्येक तपासणीचं वेळापत्रक वेगळं आहे आणि ते मुख्यतः त्या त्या आजाराच्या चालीवरून ठरतं.

आतड्याच्या आतल्या अस्तरावर पॉलिप नावाची लहानशी गाठ येते, तिचा कॅन्सर व्हायला साधारण १० वर्षं लागतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही हा विषाणू असतो. संसर्गापासून कॅन्सरपर्यंत सहसा १५ ते २० वर्षं जातात. इतक्या संथ आजारांच्या मागे दरवर्षी लागून फारसं काही हाती येत नाही. रक्तदाब मात्र काहीही जाणवू न देता चढतो, आणि तो मोजायला दहा मिनिटं पुरतात. तान्ह्या बाळाचं तर सगळंच आठवड्या-आठवड्याला बदलतं. हे सूत्र ध्यानात ठेवलं की पुढचे आकडे पाठ करावे लागत नाहीत.

सरसकट सगळ्यांची सगळी तपासणी केल्याने माणसं जास्त जगतात का? या विषयावरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये अद्ययावत केला. एकूण मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडत नाही किंवा नगण्य पडतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. यावरून तपासण्याच निरुपयोगी ठरवणं ही घाई झाली, कारण त्या त्या वयात केलेल्या काही ठरावीक तपासण्या खरोखर जीव वाचवतात. कोणत्या, हे ओळखायचे निकष १९६८ मध्ये विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी मांडले आणि आजही त्यांचाच आधार घेतला जातो. आजार गंभीर असावा, लक्षणं दिसण्याआधी तो पकडता येणारा टप्पा असावा, चाचणी लोकांना झेपणारी असावी आणि सापडल्यावर करण्यासारखा उपचार असावा, असा त्यांचा सारांश. कुठलीही चाचणी सुचवली गेली की "यात काही निघालं तर आपण काय करणार?" एवढं विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर ती चाचणी थांबू शकते.

पायरी १: घरच्यांचा कागद

लॅबमध्ये जाण्याआधी एक कागद घ्या. आई, वडील, सख्खी भावंडं आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा यांची नावं लिहा. प्रत्येकापुढे कोणता मोठा आजार होता आणि तो कितव्या वर्षी निघाला, हे लिहा. दुसरा रकाना पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. "वडिलांना हार्टचा त्रास होता" एवढ्यावरून डॉक्टरांना फारसं कळत नाही. तो त्रास ७८ व्या वर्षी सुरू झाला की ४९ व्या, यावर तुमची पुढची वीस वर्षं अवलंबून असतात. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो अकाली धरतात, आणि मग तुमचं कोलेस्टेरॉल लवकर व जास्त वेळा बघावं लागतं.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी तर सरळ वजाबाकीच आहे. आई-वडील, भावंडं यांपैकी कुणाला तो झाला असेल, तर त्यांच्या निदानाच्या वयातून १० वजा करा. ते वय आणि ४०, यांत जे आधी येईल तेव्हा तपासणी सुरू करायची. वडिलांना ४६ व्या वर्षी निघाला असेल तर मुलाने आणि मुलीनेही ३६ व्या वर्षी जायचं.

स्तनाच्या आणि बीजकोषाच्या कॅन्सरचा इतिहास विचारताना लोक फक्त आईकडचं सांगतात. दोष असलेलं जनुक वडिलांकडूनही तितकंच येऊ शकतं. आत्या, वडिलांची आई, तिच्या बहिणी यांना विसरू नका. काही घरांत हे बोललंच जात नाही, "पोटाचं काहीतरी झालं होतं" यापुढे माहिती जात नाही. अशा वेळी जुन्या फाइली शोधाव्यात, किंवा घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला निवांत वेळी विचारावं.

पायरी २: स्वतःची जोखीम

त्याच कागदाच्या मागे तुमच्याबद्दल: तंबाखू कोणत्या स्वरूपात आणि किती वर्षं, दारू, वजन, कमरेचा घेर, चालू असलेली औषधं, झालेल्या शस्त्रक्रिया आणि घेतलेल्या लशी. सिगारेट ओढणाऱ्यांनी हिशेब नीट मांडावा. रोज २० सिगारेटचं एक पाकीट असं वर्षभर, म्हणजे एक पाकीट-वर्ष. रोज अर्धं पाकीट ४० वर्षं ओढलं तरी २० पाकीट-वर्षं भरतात. हा आकडा पुढे लागणार आहे.

वजनाबाबत एक तपशील आपल्या उपयोगाचा आहे. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा बीएमआय २५ च्या वर गेला की वजन जास्त मानतात. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये मधुमेहाची जोखीम त्याआधीच वाढू लागते, म्हणून त्यांच्यासाठी २३ पासून सावध व्हायला सांगतात.

पायरी ३: आपलं वय शोधा

देशोदेशीच्या तज्ज्ञ मंडळांचे आकडे थोडे मागेपुढे असतात. जिथे मतभेद आहेत तिथे मी तसं सांगितलं आहे. हे सगळं ज्यांना काहीही त्रास होत नाही त्यांच्यासाठी. आधीच मधुमेह, रक्तदाब किंवा दुसरा आजार असेल तर तुमचे डॉक्टर सांगतील तेच वेळापत्रक.

*जन्म ते ५ वर्षं.* आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा डॉक्टरांकडे जायचा हा काळ. जन्मल्यानंतर पहिल्या आठवड्यात, मग १, २, ४, ६, ९, १२, १५, १८ आणि २४ महिन्यांना, त्यानंतर अडीच वर्षांचं झाल्यावर आणि पुढे दरवर्षी, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांचा क्रम आहे. इतरत्र भेटी कमी असतात, पण लशींच्या निमित्ताने बहुतेक त्याच सुमारास होतात. लस टोचून लगेच घरी निघू नका. वजन, उंची आणि दोन वर्षांपर्यंत डोक्याचा घेर मोजून वाढीच्या तक्त्यावर टिंब पाडून घ्या. एक टिंब काही सांगत नाही. तीन-चार टिंबं जोडली की मूल आपल्या रेषेने वर जातंय की रेषा सोडून खाली घसरतंय ते दिसतं. बाळ बारीक आहे म्हणून चिंता करणाऱ्या आजीला हा तक्ता दाखवावा.

श्रवणतपासणी पहिल्या महिन्यात, शंका आल्यास निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपाय सहाव्या महिन्यापर्यंत सुरू, हा नियम जगभर मानतात, कारण ऐकू आलं नाही तर भाषाच अडते. टाचेला टोचून घेतलेल्या रक्तातून थायरॉइडची जन्मजात कमतरता कळते. ती वेळेत कळली तर रोजच्या एका गोळीने मुलाची बुद्धी वाचते. पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत, दंतवैद्याची पहिली भेट. आणि ३ ते ५ वर्षांच्या दरम्यान एकदा तरी दोन्ही डोळे वेगवेगळे तपासा. एका डोळ्याने कमी दिसणारं मूल तक्रार करत नाही. त्याला तसंच दिसत आलेलं असतं, आणि हा आळशी डोळा जितक्या लहान वयात सापडेल तितका सुधारतो.

*६ ते १८.* वर्षातून एकदा उंची, वजन, रक्तदाब, दृष्टी, दात. ९ ते १४ या वयात एचपीव्हीची लस. बारा वर्षांनंतर मनाची चौकशीही तपासणीत धरावी. झोप, खाणं, शाळा, मित्र, सततची उदासी असं सगळं. या वयापासून डॉक्टरांनी काही मिनिटं मुलाशी किंवा मुलीशी एकट्याने बोलावं आणि आई-वडिलांनी तेवढा वेळ बाहेर बसावं. पालकांना हे खटकतं, पण पंधरा वर्षांचं मूल आईसमोर काय सांगणार?

*१९ ते ३९.* या वयातली मंडळी सहसा फिरकतच नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यांना फार वेळा यायची गरजही नसते. रक्तदाब दर ३ ते ५ वर्षांनी. वजन जास्त असेल, घरात इतिहास असेल किंवा आकडा काठावर असेल तर दरवर्षी. कोलेस्टेरॉल विशीत एकदा बघून ठेवावं, ठीक असेल तर मग ४ ते ६ वर्षांनी. साखर ३५ पासून दर ३ वर्षांनी. वजन जास्त आणि घरात मधुमेह असेल तर पस्तिशीची वाट न पाहता. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी यांची चाचणी आयुष्यात एकदा तरी प्रत्येकाने करावी असं आता सांगितलं जातं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाची तपासणी याच काळात सुरू होते. काही देशांत २१, काहींत २५, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ३० व्या वर्षी. पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन तपासणं) असेल तर दर ३ वर्षांनी, एचपीव्हीची चाचणी असेल तर ५ वर्षांनी. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १० वर्षांचं अंतर चालेल म्हणते. ज्यांना हे जमतच नाही त्यांनी किमान ३५ पर्यंत एकदा आणि ४५ पर्यंत दुसऱ्यांदा एचपीव्हीची चाचणी करावी. लस घेतलेली असली तरी ही तपासणी चुकवायची नाही, कारण लस विषाणूच्या सगळ्या प्रकारांपासून वाचवत नाही.

गरोदरपणाचं कॅलेंडर वेगळं. किमान ८ भेटी, त्यातली पहिली १२ आठवड्यांच्या आत, आणि २४ ते २८ आठवड्यांदरम्यान साखरेची चाचणी. पण सगळ्यात जास्त निसटतं ते बाळंतपणानंतरचं. गरोदरपणात साखर वाढली होती आणि नंतर "उतरली" म्हणून फाइल बंद होते. अशा बाईने बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत पुन्हा चाचणी करायची आणि पुढे आयुष्यभर दर १ ते ३ वर्षांनी करत राहायचं, कारण तिला पुढे मधुमेह होण्याची शक्यता बरीच जास्त असते. बाळाच्या लशीच्या तारखा तोंडपाठ असतात, आईच्या चाचणीची तारीख मात्र घरात कुणालाच माहीत नसते. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ती लिहून ठेवावी.

*४० ते ६४.* बहुतेक तपासण्या इथे एकत्र येतात. रक्तदाब दरवर्षी. साखर दर ३ वर्षांनी, काठावर असेल तर दरवर्षी. कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाचं काम आणि हृदयविकाराच्या जोखमीचा एकत्रित हिशेब साधारण ५ वर्षांनी. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्या, असे आजार नसलेल्या लोकांना याच अंतराने बोलावतात. चाळिशीत एकदा डोळ्यांची संपूर्ण तपासणी, बुबुळ मोठं करून मागचा पडदा आणि डोळ्यातला दाब बघून. फक्त चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. काचबिंदू कडेची नजर आधी खातो आणि समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं, त्यामुळे आपण होऊन कुणी जात नाही.

मॅमोग्राफी, म्हणजे कॅन्सर शोधायला काढलेला स्तनांचा एक्स-रे. तिच्याबद्दल मतभेद आहेत. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ मध्ये ४० ते ७४ या वयात दर २ वर्षांनी असं ठरवलं. ब्रिटनमध्ये पन्नाशीपासून दर ३ वर्षांनी बोलावतात. दोन्हीकडचे लोक एकच संशोधन वाचून वेगळ्या निर्णयावर आले आहेत, कारण लवकर सुरुवात केली तर काही जीव जास्त वाचतात आणि खोट्या धोक्याच्या घंटाही जास्त वाजतात. घरात इतिहास असेल तर चाळिशी धरा. नसेल तर डॉक्टरांशी बोलून ठरवा, पण पन्नाशीच्या पुढे टाळू नका.

मोठं आतडं: ४५ किंवा ५० पासून ७५ पर्यंत. शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी चाचणी दर १-२ वर्षांनी, किंवा दुर्बिणीची तपासणी १० वर्षांनी. दोन्ही एकदम नको. मात्र शौचाची चाचणी पॉझिटिव्ह आली तर दुर्बीण टाळता येत नाही. "मूळव्याधीचं रक्त असेल" म्हणत ती पुढे ढकलणं हा जिवाशी खेळ आहे.

५० ते ८० वय, २० पाकीट-वर्षं पूर्ण, आणि अजून ओढत असाल किंवा सोडून १५ वर्षं झाली नसतील, तर दरवर्षी कमी मात्रेच्या क्ष-किरणांचं छातीचं सीटी स्कॅन. साधा छातीचा एक्स-रे याची जागा घेत नाही. तंबाखू खाणाऱ्यांनी दाताच्या डॉक्टरांकडून पूर्ण तोंड तपासून घ्यावं: गालाच्या आत, जिभेखाली, हिरड्यांमागे. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरसाठी रक्ताची पीएसए चाचणी ५५ ते ६९ दरम्यान, तीही फायदा-तोटा समजून घेऊन. पॅकेजमध्ये होती म्हणून झाली, असं नको.

*६५ आणि पुढे.* इथे रक्ताच्या चाचण्यांपेक्षा चालणं, ऐकणं, बघणं आणि आठवणं यांना जास्त वजन द्यावं. पडणं हे या वयातलं मोठं संकट आहे आणि त्याचा अंदाज घ्यायला यंत्र लागत नाही. पाठ टेकून खुर्चीत बसायचं. उठायचं, नेहमीच्या चालीने ३ मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. मनगटी घड्याळावर घरीही मोजता येतं. फक्त शेजारी कुणीतरी उभं राहावं.

स्त्रियांची हाडांची घनता ६५ व्या वर्षी. आधी हाड मोडलं असेल, स्टिरॉइड चालू असतील किंवा पाळी फार लवकर गेली असेल तर त्याआधीच. कधीही धूम्रपान केलेल्या पुरुषांची पोटातल्या महारोहिणीची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची) सोनोग्राफी ६५ ते ७५ दरम्यान आयुष्यात एकदा. डोळे दर १-२ वर्षांनी. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टरांच्या सल्ल्याने. वर्षातून एकदा घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओतायच्या: चालू, बंद, शेजाऱ्यांनी सांगितलेल्या, सगळ्या. त्यातून दोन-तीन कमी झाल्या तर ती त्या वर्षातली सगळ्यात उपयोगी तपासणी ठरेल.

काही गोष्टी थांबवायच्याही असतात. आधीच्या तपासण्या नीट असतील तर गर्भाशयमुखाची ६५ ला, पीएसए ७० ला. आतड्याची ७५ नंतर तब्येत बघून आणि ८५ नंतर नाही. आतड्याच्या किंवा स्तनाच्या तपासणीचा फायदा हाती यायला साधारण १० वर्षं लागतात, पण दुर्बिणीची तयारी, भूल आणि धाकधूक लगेच सोसावी लागते.

दातांचं सगळ्या वयांसाठी मिळून सांगायचं तर "दर सहा महिन्यांनी" हा काही दगडावरचा नियम नाही. दात-हिरड्या चांगल्या असलेल्या मोठ्या माणसाला २ वर्षांपर्यंतचं अंतर चालतं, हिरड्या खराब असतील तर ३ महिन्यांनीही जावं लागतं.

पायरी ४: पॅकेज वाचा

"फुल बॉडी चेकअप, ८० चाचण्या" हा आकडा ऐकायला भरघोस वाटतो. त्यात बरीच खोगीरभरती असते. एका लघवीच्या तपासणीचे रंग, वास, आम्लता असे पंधरा घटक सुटे मोजले की यादी लांबते.

लांब यादीचा तोटा गणितात आहे. बहुतेक चाचण्यांची सामान्य मर्यादा अशी आखलेली असते की निरोगी लोकांपैकी ९५ टक्के त्यात बसतील. म्हणजे प्रत्येक चाचणीत २० पैकी एक धडधाकट माणूस रेषेबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या तर किमान एक आकडा ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यता जवळपास ६४ टक्के. मग पुन्हा चाचणी, मग सोनोग्राफी, मग स्कॅन. साप म्हणून भुई धोपटणं सुरू होतं.

दक्षिण कोरियात हे देशपातळीवर घडलं. तिथे पॅकेजसोबत गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. त्या कॅन्सरने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. ज्या बारीक गाठींनी जन्मभर त्रास दिला नसता त्यांच्यासाठी हजारो लोकांची थायरॉइड ग्रंथी काढली गेली, आणि त्यांतल्या बहुतेकांना रोजची गोळी लागली.

म्हणून त्रास नसताना हे सहसा नको: कॅन्सरचे मार्कर (रक्तात त्याचा सुगावा देणारी द्रव्यं) म्हणून केलेल्या सीए-१२५, सीईए या चाचण्या, पूर्ण शरीराचं सीटी स्कॅन, दर वर्षी व्हिटॅमिनची पातळी, गळ्याची सोनोग्राफी. तिसऱ्या पायरीतली तुमची यादी हातात घेऊन पॅकेजवर खुणा करा. चार-पाच गोष्टीच जुळल्या तर तेवढ्याच सुट्या करून घ्या.

पायरी ५: तपासणीचा दिवस

साखर उपाशीपोटी द्यायची तर ८ तास काही खायचं नाही. पाणी चालतं, प्यावंच, शीर लवकर सापडते. कोलेस्टेरॉलसाठी बहुतेकांना उपाशी राहावं लागत नाही, पण लॅबला विचारून घ्या. रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मधुमेहाच्या गोळीचं आणि इन्सुलिनचं मात्र आदल्या दिवशीच विचारा, उपाशीपोटी घेतली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर सांगा. त्याने थायरॉइडचे आकडे फसवे येतात. ताप-सर्दीत तपासणी नको. पॅप स्मिअर आणि लघवीची तपासणी पाळीच्या दिवसांत नको. मॅमोग्राफीला जाताना काखेत डिओडरंट किंवा पावडर लावू नका, फिल्मवर त्याचे ठिपके उमटतात.

रक्तदाब मोजणं सगळ्यात सोपं वाटतं आणि सगळ्यात ढिसाळपणे तेच होतं. जिना चढून आलेल्या माणसाला स्टुलावर बसवून, शर्टाच्या बाहीवरच पट्टा गुंडाळून, गप्पा मारत घेतलेला आकडा सोडून द्यावा. आधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, मांडीवर मांडी न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. उघड्या दंडावर पट्टा, दंड हृदयाच्या उंचीला आणि टेबलावर टेकलेला. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा. लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो. दवाखान्यात १४०/९० च्या वर आला तर घाबरून गोळी सुरू करण्याआधी काही दिवस घरी मोजून वही भरावी. घरच्या आकड्यांची मर्यादा १३५/८५ आहे. १८०/१२० च्या आसपास असेल तर मात्र वही वगैरे नाही, लगेच डॉक्टरांकडे.

पायरी ६: रिपोर्ट वाचताना

ठळक अक्षरांतल्या आकड्यांकडे नजर जातेच. मागचा रिपोर्ट शेजारी ठेवला तर ती जिथे जायला हवी तिथे जाईल. समजा बावन्न वर्षांच्या गृहस्थांचं हिमोग्लोबिन आधी १५.२ होतं, मग १४.३ आणि आता १३.२. पुरुषांसाठी १३ च्या खाली अॅनिमिया धरतात, त्यामुळे तिन्ही रिपोर्ट "नॉर्मल". पण तीन वर्षांत दोन अंक गेले कुठे? या वयाच्या पुरुषात आतड्यातून थेंब थेंब रक्त जात असेल तर ते असंच दिसतं. प्रत्येक वेळी नवी लॅब, नवा डॉक्टर असला की ही उतरण कुणालाच दिसत नाही. एक फॅमिली डॉक्टर आणि एक फाइल याचा उपयोग इथे आहे.

साखरेचे आकडे माहीत असावेत. उपाशीपोटी १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ काठावर, १२६ पासून मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सीमध्ये ५.७ च्या आत ठीक, ६.४ पर्यंत काठावर, ६.५ पासून मधुमेह. लक्षणं नसताना एका चाचणीवर शिक्का मारत नाहीत, दुसरी करून खात्री करतात. अॅनिमिया असेल तर एचबीए१सी फसवू शकतं. ही गोष्ट डॉक्टरांना आठवण करून द्यायला हरकत नाही.

आणि लक्षण दिसलं की वेळापत्रक बाजूला. दोन महिन्यांपूर्वीची मॅमोग्राफी स्वच्छ असली तरी आज गाठ लागली तर आजच दाखवायचं. शौचातून रक्त, कारण नसताना उतरणारं वजन, तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातला व्रण, चालताना छातीवर येणारं दडपण, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव यांतलं काहीही अंगावर काढू नये. "पुढच्या महिन्यात चेकअप आहेच, तेव्हा सांगू" असं तर मुळीच नको.

पायरी ७: पुढच्या तारखा

रिपोर्ट फाइलमध्ये गेला की त्याच दिवशी पुढची तारीख फोनमध्ये टाका, प्रत्येक तपासणीची वेगळी. नमुन्यादाखल सत्तेचाळीस वर्षांची एक बाई घेऊ. आईला मधुमेह, घरात कॅन्सर नाही, तंबाखू नाही, आताचे सगळे रिपोर्ट ठीक. रक्तदाब: दरवर्षी. साखर: आईचा इतिहास धरून दोन वर्षांनी, म्हणजे ४९ ला. शौचाची चाचणी: पुढच्या वर्षी. एचपीव्ही: आत्ता केली, म्हणून ५२ ला. कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंड: तेही ५२ ला. डोळे: चाळिशीत झाले होते, काचबिंदू घरात नाही, तर ५० च्या आत एकदा. मॅमोग्राफी: तिने दर २ वर्षांनी करायचं ठरवलं, तर ४९ ला. पन्नाशी आली की हा कागद पुन्हा काढायचा आणि नागिणीच्या लशीबद्दल विचारायचं. ती त्या वयापासून देतात.